कलम बावीसच्या परकारबाई

कुवेतमध्ये आम्हा प्रत्येकाला एकेक आकडा होता. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, तो छापलेला असे. सरकारी खात्यात काम करणारे सतरा, खासगी कंपनीतले अठरा, कुणाच्या घरी स्वयंपाकाला किंवा गाडी चालवायला आलेले वीस, आणि नवऱ्याच्या इकाम्यावर राहणारी बायकामुलं बावीस. कायद्यातली ती कलमं होती, पण बोलताना माणसांनाच चिकटायची. "मुलगा चांगला आहे, सतरा आहे," असं एका स्थळाबद्दल मी नाशिकला फोनवर सांगितलं, तेव्हा माझी मावशी म्हणाली, "अरे, मग एवढ्या लहान वयात लग्न कशाला करतायत?"

परकारबाई बावीस होत्या आणि नव्या माणसाला स्वतःची ओळख तशीच करून द्यायच्या. "हमीदा परकार. कलम बावीस." हे म्हणताना हनुवटी किंचित वर व्हायची. एखाद्यानं आपली पदवी सांगावी तसं. समोरचा गोंधळला की पुढं म्हणायच्या, "या देशात मी माणूस नाय, कलम हाय. मग कलमासारखंच वागायला नको? कलम कुणाच्या सोयीनं वाकत नसतं."

दापोलीकडच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव. लग्नाआधी त्या तिथल्या हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला बांधलेला विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकायचा. बाईंचं मात्र उलट होतं. "लढाया पोरं आपली आपण वाचतात," त्या म्हणायच्या, "ग्रामसेवकाचं काम काय, हे कोण सांगणार त्यांना?" लग्न होऊन कुवेतला आल्यावर नोकरी करता येईना, कारण बावीसला नोकरी नाही. मग अब्बासिया या वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात शिकवण्या सुरू झाल्या. मुलं मल्याळी, गोव्याची, आंध्रातली, आपलीही. बाईंचा आवाज जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचा. वर्गात बोलायची सवय गळ्यातून कधी गेलीच नाही. उंची बेताची, डोक्यावरून पिनेनं पक्का केलेला पदर, दोरीला लटकणारा चष्मा. दुधाच्या पुठ्ठ्यापासून लिफ्टमधल्या पाटीपर्यंत जे जे छापलेलं असेल ते सगळं वाचायच्या. आणि कुणी काही ऐकीव सांगू लागलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: "कोण म्हणालं? कुठं म्हणालं? कुणासमोर म्हणालं?" आखाती देशात अफवांवरच अर्धा दिवस निघतो. बाईंसमोर बसलं की तो अर्धा दिवस रिकामा व्हायचा.

त्यांचे यजमान अब्दुलरहमान परकार शुवेखच्या बंदरात एका क्लिअरिंग ऑफिसात होते. मवाळ, हसतमुख, वादापासून चार हात लांब. मुलगी नाझनीन शाळेत होती. बाई तिच्याशी मराठीत बोलायच्या आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं भांडणही तसंच, दोन भाषांत एका वेळी चालायचं.

मी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. बाईंची खरी ओळख झाली ती ब्याण्णव साली, इराकबरोबरच्या लढाईनंतर माणसं परत आली तेव्हा. आमचं मराठी मंडळ होतं, पण त्याचे कागद कुणाच्या तरी लुटल्या गेलेल्या घरात नाहीसे झाले होते. साल्मियातल्या एका फ्लॅटमध्ये सभा भरली. अध्यक्ष झाले मोहिते, एका मोठ्या बांधकाम कंपनीत वरच्या जागेवरचा माणूस, दिलदार आणि हुकमी. सगळ्यांना गणपतीची घाई झाली होती. सचिव कोण व्हायचं यावर मात्र सगळे छताकडे बघू लागले. मोहित्यांची नजर मागं चहाचे कप गोळा करणाऱ्या बाईंवर गेली.

"परकारबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मिनिट्स तुम्ही लिहा."

"सचिव म्हणून लिहायची का नुसती लिहायची?" बाईंनी विचारलं.

"सचिव म्हणून."

"मग सचिवाचं काम काय ते आधी वाचा."

मंडळाची जुनी घटना कुणाला तरी तोंडपाठ होती. तिच्यात सचिवावर एकच ओळ होती: सचिवानं सभेचं इतिवृत्त लिहावं आणि अध्यक्ष सांगतील ती कामं करावीत. बाईंनी कप खाली ठेवले. "हे दुसरं काढा," त्या म्हणाल्या. "अध्यक्ष सांगतील ती कामं म्हटलं की त्यात चहा पण आला."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. शेवटी तेवढे शब्द काढावे लागले आणि त्या जागी बाईंनी सांगितलेलं आलं: मंडळाचं दप्तर सांभाळणं, पत्रव्यवहार करणं, सभा बोलावणं. एक गंमत मात्र तशीच राहिली. मंडळाचा सभासद म्हणजे स्वतःचा स्वतंत्र इकामा असलेला माणूस. त्यातही घरकामाचे वीस सोयीस्करपणे वगळलेले. सचिव मात्र अध्यक्षानं सभासदांच्या कुटुंबीयांतूनही नेमलेला चाले. म्हणजे बाई सचिव होऊ शकत होत्या, मत देऊ शकत नव्हत्या. "असू दे," त्या मला म्हणाल्या. मी त्यांचा सहसचिव झालो होतो. "घर एकदम बांधत नाय कोणी. आधी जोता घालू."

इतिवृत्त लिहिण्याची त्यांची रीत भलतीच होती. सभेत जे घडेल ते लिहायचं. "चर्चेअंती ठरले" हे त्यांना मान्य नव्हतं. एकदा दोन सभासद नाटकाच्या तालमीवरून एकमेकांच्या अंगावर धावले, तर पुढच्या सभेत बाईंनी ते नावानिशी वाचून दाखवलं. मोहिते वैतागले. "बाई, हे असं लिहायचं नसतं."

"मग असं वागायचं नसतं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या.

त्याच सुमाराला मुंबईकडून दंगलींच्या बातम्या येत होत्या. फोनवर माणसं हळू आवाजात बोलत. मंडळातही एकानं कुजबुजत विषय काढला, की गणेशोत्सव करणाऱ्या मंडळाच्या सचिव परकार कशा? बाईंच्या कानावर गेलं. त्यांनी पुढच्या बैठकीत तो विषय स्वतःच पुकारला. "कोण म्हणालं? कुठं म्हणालं? कुणासमोर म्हणालं?" त्यांनी एकेकाकडं पाहिलं. "बरं. आरती मला पाठ हाय, लहानपणापासून शेजारच्या घरात ऐकलेली. पण आरती म्हणणं सचिवाच्या कामात येत नाय. हॉल ठरवणं येतं. हॉल ठरवलाय. पुढचा विषय."

सचिवाच्या सहीचं कलम आलं ते मोहित्यांच्याच दिलदारपणामुळं. त्यांनी एका हॉटेलवाल्याला परस्पर मंडळाचं नाव वापरायला दिलं, आणि दिवाळीच्या जाहिरातीत आम्ही सगळे त्याचे 'हार्दिक सहकारी' झालो. सभासद चिडले. बाईंनी ती संधी सोडली नाही. भर सभेत त्यांनी आम्हाला आठवीच्या वर्गात बसवलं.

"आपल्या राज्याचा कारभार कुणाच्या नावानं चालतो?"

"मुख्यमंत्र्यांच्या," कुणीतरी म्हणालं.

"खाली बस. राज्यपालांच्या. प्रत्येक सरकारी निर्णयाखाली काय लिहिलेलं असतं? राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने. आणि सही कुणाची असते? राज्यपालांची? नाय. सचिवाची, उपसचिवाची. का? तर हा हुकूम खरोखर निघाला, रीतीनं निघाला, याला कुणीतरी नाव देऊन उभं राहायला लागतं. राजा एकटाच बोलला तर तो बोलला की नाय, हे कुणाला विचारायचं?"

त्या दिवशी घटनेत ओळ आली, की अध्यक्षांची सही सचिवाच्या साक्षांकनाशिवाय ग्राह्य धरू नये. मोहित्यांनीही हात वर केला. त्यांना ती कागदोपत्री गोष्ट वाटली.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात ती ओळ कागदावरून उठून उभी राहिली.

जहराकडच्या एका बांधकामावर परभणी भागातला एक मजूर वारला. बळीराम त्याचं नाव. मोहित्यांच्या कंपनीनं काम दिलेल्या एका छोट्या ठेकेदाराचा माणूस. मोहिते एक टाइप केलेलं पत्र घेऊन बाईंच्या घरी आले. शिकवणी संपत आली होती आणि मी बैठकीची तारीख ठरवायला बसलो होतो. पत्र मराठीत होतं, बळीरामच्या बायकोला उद्देशून. मंडळ तुमच्या दुःखात सहभागी आहे, बळीराम यांचे खोलीवर झोपेत हृदयविकाराने निधन झाले, मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी चौकशी केली आहे, कंपनीने सर्व व्यवस्था उत्तम केली आहे, तरी आमची काही तक्रार नाही अशा सोबतच्या संमतीपत्रावर अंगठा करून पाठवावा. खाली मोहित्यांची सही झालेली.

"साक्षांकन तेवढं करून टाका," मोहिते म्हणाले. "मृतदेह अडकून पडलाय. पुण्याचं काम आहे."

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "चौकशी कोणी केली?"

"ठेकेदारानं सांगितलं ना."

"ठेकेदार पदाधिकारी आहे का आपला?"

"बाई, ही काय कोर्टाची केस आहे? त्या बाईला धीर द्यायचा आहे आपल्या भाषेत."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "इंग्रजी कागदावर ती अंगठा करणार नाय. भावाला विचारेल, सरपंचाला विचारेल. मराठीत लिहिलंय म्हणून करेल. आपल्या माणसांनी लिहिलंय म्हणून करेल. साक्षांकन म्हणजे साक्ष. मी पाहिलेलं नाय. मी साक्ष कशी देऊ?"

मोहिते चहा न घेता गेले.

शुक्रवारी दुपारी बाई माझ्या गाडीतून जहराला निघाल्या. त्या दिवसांत तिकडं नळाचं थंड पाणीही हात भाजतं. मजुरांची वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग. दारात चपलांचा ढीग, आत एकावर एक पलंग. बाईंना बघून माणसं गडबडून उठली, कुणी शर्ट शोधू लागलं. बाई एका पलंगाच्या कडेला बसल्या, पाणी मागून घेतलं आणि गावांची चौकशी करत राहिल्या. पाऊस झाला का, ज्वारी काय म्हणते, कुणाचं पोरगं कितवीत आहे. बळीरामचं नाव त्यांनी काढलंच नाही. ते एका उंच, हडकुळ्या माणसानं काढलं.

"बळीराम झोपेत नाही गेला, बाई."

कुणीतरी उठून दार लोटून घेतलं.

"पडला. परांचीवरून पडला. फळी हालत होती, चार दिवसांपून सांगत होतो आम्ही. आम्हीच उचलून खोलीवर आणला. डॉक्टर मागून आला."

"हे सायबाला सांगितलं?"

"सांगितलं. साहेब म्हणाला, झोपेतच गेला, तुम्हाला कळत नाही." तो थांबला. "माझं नाव नका लिहू, बाई. पोरीचं लगीन ठरलंय."

"मी तुझं नाव विचारलं का?" बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "नाय लिवणार. तू सांगितलंस, तुझं काम झालं. आता माझं."

संध्याकाळी आम्ही परत आलो. घरी परकारसाहेब वाट बघत बसले होते. त्यांना आदल्याच दिवशी ऑफिसात ठेकेदाराचा निरोप मिळालेला होता. त्याचा माल बंदरातून तेच सोडवत. बायकोनं नसत्या भानगडीत पडू नये, इकामा नूतनीकरणाला आलाय हे लक्षात ठेवावं, असा.

"सुधीर, तू तरी सांग हिला," ते मला म्हणाले. "माझा इकामा गेला तर तिचा जातो, पोरीचा जातो. हिच्या साक्षीवर आमचा संसार उभा नाय, माझ्या नोकरीवर हाय."

"अम्मी, जस्ट लीव्ह इट, ना," नाझनीन आतून म्हणाली. "ही इज नॉट इव्हन फ्रॉम अवर प्लेस."

बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मग परकारसाहेबच म्हणाले, "तो माणूस खरं बोलला काय, येवढं सांग मना."

"खरं बोलला."

"तुला कसं कळलं?"

"आयुष्यभर पोरांची खोटी कारणं ऐकत आलेय मी," बाई म्हणाल्या. "खोटं बोलणारा माणूस आधी आपलं नाव सांगतो."

परकारसाहेब उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "मग लिही काय लिवायचं ते," ते म्हणाले. "आणि टपालानं नको. टपाल कधी पोचेल? कुरियरनं धाड."

बाईंनी बळीरामच्या बायकोला पत्र लिहिलं. पत्रव्यवहार हे सचिवाचं काम होतं, तसं घटनेतच होतं. आम्ही बळीरामचा मृत्यू पाहिलेला नाही, असं त्यांनी लिहिलं. झोपेत गेला असं कंपनी म्हणते, कामावर पडून गेला असं सोबतची माणसं म्हणतात, खरं काय ते वकिलातीनं चौकशी करून सांगेपर्यंत कशावरही अंगठा करू नका. खाली सही, पद आणि शिक्का. एक प्रत वकिलातीला, एक मोहित्यांना.

मोहित्यांनी सर्वसाधारण सभा मागितली. रीतीप्रमाणं ती सचिवानं बोलवायची होती, आणि सचिवानं ती बोलावली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: सचिवांनी अध्यक्षांचा अवमान केल्याबद्दल त्यांना पदमुक्त करणे. स्वतःच्या हकालपट्टीची ती सूचना बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून सगळ्यांना पोचवली होती. शाळेचा हॉल भरला. पुढं पुरुष, मागं बायका आणि मुलं. बाई नेहमीच्या जागी, टेबलाच्या डाव्या टोकाला, इतिवृत्त लिहायला बसल्या.

"सूचक कोण?" त्यांनी विचारलं.

"आम्हा सगळ्यांचंच मत आहे," मोहिते म्हणाले.

"सगळ्यांना सूचक होता येत नाय. 'काही सभासद' असंही लिहिता येत नाय. नाव सांगा, म्हणजे लिहिते."

शेवटी एकानं मान खाली घालून नाव दिलं, दुसऱ्यानं अनुमोदन. बाईंनी दोघांनाही स्पेलिंग विचारल्यासारखं वडिलांचं नाव विचारलं आणि पूर्ण नावं लिहिली. मग म्हणाल्या, "मतदानाआधी सचिवाला बोलायला घटनेत मनाई नाय. मी बोलते. तुम्ही मला काढू शकता. तो तुमचा अधिकार हाय आणि तो मी लिहून ठेवणार. पण मला काढून दुसऱ्याला नेमाल ना, त्यानं पण न पाहिलेल्या गोष्टीला साक्ष देऊ नये. दिलीत तर ती साक्ष नाय, ती नुसती शाई."

मोहित्यांनी मत मागितलं. ठरावाच्या बाजूनं हात वर गेले, एकेक, आजूबाजूला बघत. बऱ्याच जणांचे इकामे मोहित्यांच्या ओळखीवर अवलंबून होते. ते मला समजत होतं, त्यांच्याकडं बघवत मात्र नव्हतं. विरोधात आम्ही थोडे. एवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली आणि एक बाई हात वर करून उभी राहिली. मोहित्यांच्या पत्नी, मंगलवहिनी. मग शेजारची. मग ती पूर्ण रांग.

मोहित्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मंगल, खाली बस."

मंगलवहिनी बसल्या नाहीत. सगळा हॉल बाईंकडं वळला. बाईंनी चष्म्यावरून त्या हातांकडं पाहिलं.

"वहिनी, तुमचे हात मोजता येत नायत. घटनेत नाय तसं. मला मोजायचे असते. पण मी मोजले तर माझ्यात आणि अध्यक्षांत फरक काय?" खाली बघून त्यांनी लिहिलं, आणि सगळं लिहून झाल्यावर उभ्या राहून वाचून दाखवलं: ठराव बहुमताने मंजूर. सभेस उपस्थित, परंतु मताधिकार नसलेल्या पुष्कळ स्त्रियांनी ठरावाविरुद्ध हात वर केले. ते मोजण्यात आले नाहीत.

"ते मोजण्यात आले नाहीत" हे त्यांनी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात वाचलं. मग दप्तर आणि शिक्का टेबलावर ठेवून परकारसाहेबांबरोबर घरी गेल्या.

बळीरामच्या बायकोनं अंगठा केला नाही. तिच्या भावानं पत्र घेऊन जिल्ह्याच्या गावापर्यंत फेऱ्या घातल्या. वकिलातीनं चौकशी लावली, ठेकेदार आधी गुरगुरला, मग नरमला, आणि मृत्यू कामावर झाला हे त्याला कबूल करावं लागलं. तिच्या हक्काची भरपाई तिला मिळाली, उशिरा मिळाली. पण परकारांनाही किंमत पडली. परकारसाहेबांची नोकरी गेली. नवा कफील, म्हणजे इकाम्याची जबाबदारी घेणारा मालक, मिळेपर्यंत घर टांगणीला लागलं. नाझनीनला वर्षभर आजोळी दापोलीला ठेवावं लागलं. विमानतळावर ती आईशी बोलली नाही. बाई परत येऊन शिकवणीला बसल्या आणि त्या दिवशी मुलांना नुसते पाढे लिहायला लावून गप्प बसून राहिल्या. एरवी त्या कधी गप्प बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

मंडळात त्यांनी पाऊल ठेवलं नाही असं मात्र नाही. प्रत्येक सभेला त्या मागच्या रांगेत, मत नसलेल्या बायकांत बसत, आणि नव्या सचिवानं "चर्चेअंती ठरले" म्हटलं की तिथूनच विचारत, "कुणाच्या चर्चेअंती?"

दोन हजार एक साली मंडळात निवडणुकीवरून दोन तट पडले. साल्मियावाले म्हणत आम्ही जिंकलो, अब्बासियावाले म्हणत आम्ही. निकाल जाहीर करायचा अधिकार घटनेनं सचिवाला दिलेला, आणि सचिव भांडणाला भिऊन सुट्टीवर गावी निघून गेलेला. दोन्ही बाजूंनी मानावा असा माणूस कोण, याचा विचार दोन्हीकडं वेगवेगळा झाला आणि एकाच संध्याकाळी दोन्ही शिष्टमंडळं बाईंच्या दारात भेटली. मी अब्बासियावाल्यांत होतो. समोरच्यांत चक्क मोहिते होते, त्यांचे उमेदवार.

शिकवणी चालू होती. "बसा," बाई म्हणाल्या, आणि सूट घातलेले मॅनेजर मुलांमागं चटईवर मांडी घालून बसले. धडा पुरा झाल्याशिवाय बाईंनी कुणाकडं पाहिलं नाही.

"बाई, निकाल तुम्ही जाहीर करा," मोहिते म्हणाले.

"मी सचिव नाय."

"तुम्हाला आत्ता नेमतो."

"कोण नेमतो? सचिवाला अध्यक्ष नेमतो. आणि अध्यक्ष कोण तेच तर ठरायचंय."

दोन्ही बाजू एकमेकांकडं बघू लागल्या. "मग मार्ग काय?" कुणीतरी विचारलं.

"सोपा हाय. सचिवाला अध्यक्षानं नेमायचंच नाय. सभेनं निवडायचं. म्हणजे तो कुणाचा माणूस राहत नाय. आणि सभा म्हणजे कोण ते पण नीट लिहा. घरातला प्रत्येक सज्ञान माणूस. सतरा, अठरा, वीस, बावीस. मग नव्यानं निवडणूक घ्या."

"वीस पण?" एकजण म्हणाला. "ड्रायव्हर, स्वयंपाकी?"

"तू जेवतोस त्यांच्या हातचं," बाई म्हणाल्या, "मग मत घ्यायला काय झालं?"

दोन्ही तटांना वाटलं, नवी मतं आपल्याकडं येतील. दोघांनी मान्य केलं. घटना तशी बदलली, आणि पुढच्या सभेत पहिल्यांदा मागच्या रांगेतले हात मोजले गेले. मंगलवहिनींनी बाईंचं नाव सचिवपदाला सुचवलं, आपलं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट सांगून. बाईंनी निवडणूक घेतली, आणि अध्यक्ष म्हणून निवडून आले मोहिते.

अब्बासियावाल्यांनी बाईंकडं पाहिलं. अजून वेळ होती, एखादी चूक काढता आली असती. बाईंनी निकाल वाचला, सही केली, शिक्का मारला. मी नंतर विचारलं, वाईट नाही वाटलं? "वाटलं की," त्या म्हणाल्या. "पण माझं वाटणं कुठल्या कलमात बसतं?"

मोहित्यांचं पहिलं पत्र साक्षांकनाला आलं तेव्हा ते स्वतः घेऊन आले. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली. मोहिते तोवर उभे होते. बाईंनी बसा म्हटलं नव्हतं, आणि त्यांनाही बसावंसं वाटलं नसावं.

दोन हजार चारमध्ये आम्ही कुवेत कायमचं सोडलं. विमानतळावर निरोप द्यायला परकार पतिपत्नी आले होते. बाई माझ्या मुलाला, नाशिकच्या शाळेत गेल्यावर वर्गाचा मॉनिटर कसा निवडतात ते आधी विचार, असं बजावत होत्या. तेवढ्यात जरा पलीकडं आवाज चढला. एक तरुण मुलगी, आंध्राकडची असावी, हाताला कोपरापर्यंत पट्टी, ट्रॉलीला धरून रडत होती. घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस तिची बॅग खेचून तिला काउंटरकडं ढकलत होता. "माफी मुश्किल, माफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही, असं तो आजूबाजूच्यांना सांगत होता. लोक मान वळवून जात होते.

बाई माझ्या मुलाला अर्ध्या वाक्यात सोडून तिकडं गेल्या. "हाथ को क्या हुआ, बेटी?" मुलगी हुंदक्यांतून काहीतरी म्हणाली. त्यातलं मला "मॅडम" आणि "इस्त्री" एवढंच कळलं. बाईंनी एजंटाला विचारलं, तिला वकिलातीत नेलं होतं का? तो हसला. त्यानं बॅग उचलायला हात घातला. त्याच क्षणी बाई त्या बॅगेवर बसल्या.

"एम्बसी का आदमी आयेगा," त्या म्हणाल्या. "तब तक ये बॅग नहीं उठेगी."

परकारसाहेबांनी एक लांब श्वास सोडला, माझ्याशी हात मिळवला, "पोचल्यावर फोन कर," म्हणाले आणि टेलिफोन शोधायला गेले.

आमच्या विमानाची घोषणा झाली. पासपोर्टवर शिक्के मारून आम्ही आत गेलो. काचेतून मी मागं पाहिलं. एजंट हातवारे करत होता. एक पोलिस येऊन बाईंसमोर वाकून काहीतरी विचारत होता. बाई त्याला उत्तर देत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त हनुवटी वर झालेली दिसत होती. मग त्या बॅगेवर जराशा बाजूला सरकल्या, शेजारच्या रिकाम्या जागेवर हातानं थोपटलं, आणि ती मुलगी येऊन त्यांच्याजवळ बसली.